सरूची पाठवणी आणि गळकं डिझेल

शनिवार, ३ एप्रिल १९९९
सरूची तारीख पक्की. २५ एप्रिल, रविवार, करमाडला. सख्खी भाची. तिला बाप नाही, त्या जागी मीच. बैठकीत उठून सगळ्यांसमोर सांगितलं, पोरीची पाठवणी मामाच्या जीपमधून होणार. सरूच्या आईच्या, आमच्या द्वारकाताईच्या, डोळ्यांत पाणी आलं. तिचा दीर त्रिंबक, लासूर स्टेशनचा. नवीन गाडी घेतल्यापासून पाय जमिनीला लागंनात. विचारतो कसा, नानासाहेब, चालती का अजून? म्हटलं, सरकारी लिलावातली डिझेल जीप आहे, डोंगर चढते. एवढंसं तोंड झालं त्याचं.

नजर बरी नाही त्या माणसाची. घरी येऊन लिंबू-मिरची बांधली. समोर नाही, ऑफिसात मी विज्ञानवादी म्हणून माहीत आहे. जीपखाली एक काळी रबरी नळी आहे, तिला बाइंडिंग वायरनं आवळून टाकली. कुणाच्या बापाला दिसणार नाही. दर शनिवारी बदलायची.

गुरुवार, ८ एप्रिल
जीपखाली डिझेलचे थेंब. सौ. म्हणाली, अंगणात लई वास येतो, बद्रीनाथला दाखवा. बद्रीनाथ म्हणजे पडेगाव नाक्यावरचा मेकॅनिक. का, मला हात नाहीत? टाकीला कपड्याचा साबण घासला. गळती बुजवायचा खात्रीचा इलाज. विषय संपला.

शनिवार, १० एप्रिल
संपला नाही. साबणसुद्धा पहिल्यासारखा राहिला नाही. नजर जबर दिसते. नवीन लिंबू बांधलं. जुनी तार निघंना, तिच्यावरच दुसरी. पक्कडीनं चांगली पिळली.

मंगळवार, १३ एप्रिल, संध्याकाळी ७
थेंबांची धार झाली. शेवटी बद्रीनाथला बोलावलं. म्हणे, जीपखाली झोपून बघावं लागंल. खाली झोपला तर लिंबू दिसणार, अन् नाक्यावर बोभाटा. म्हटलं, वरूनच बघ. म्हणे, साहेब, वरून कसं बघू? कामचुकार! फिल्टर बदलून घेतला. जाताना मान हलवत गेला.

शनिवार, १७ एप्रिल
नवा फिल्टर, तीच धार. बद्रीनाथनं दगा दिला. त्याची सासुरवाडी लासूरकडची आहे म्हणतात. आता सगळं लक्षात येतंय. आज मोठं लिंबू, सात मिरच्या, तार दुहेरी.

बुधवार, २१ एप्रिल
घरातच फितुरी! सौ.नं ताईला सगळं सांगितलं, अन् ताईनं त्रिंबकला गाडी सजवून आणायला सांगितलं. मला एका शब्दानं विचारलं नाही. एक लग्नाची बायको, एक सख्खी बहीण. दरसाल राखी बांधते, अन् हे! निषेध म्हणून जेवलो नाही. म्हणजे पोळी खाल्ली नाही, भात खाल्ला.

शनिवार, २४ एप्रिल
टाकी फुल. गळून गळून किती गळंल? शेवटचं लिंबू जीव लावून आवळलं. उद्या बघा म्हणावं.

रविवार, २५ एप्रिल
मांडवासमोर दोन गाड्या. त्रिंबकची चकचकीत, माझी झेंडूंनी भरलेली. ताई हळूच म्हणाली, नाना, आजच्या दिवस राहू दे. पण सरूनं माझा हात धरला. म्हणाली, मी मामाच्याच जीपमध्ये बसणार. एवढ्या माणसांत एकटी तीच माझी. घळाघळा रडलो.

मांडवापासून पाराजवळ आलो. दोन उचक्या, अन् जीप बंद. डिझेलचा हातपंप मारला, पुन्हा मारला. काही नाही. खाली डिझेलचं थारोळं. सरू उतरली, शालूचा काठ त्यातच पडला. निऱ्या उचलून त्रिंबकच्या गाडीत जाऊन बसली. त्रिंबकनं तिच्यासाठी दार धरलं. हसला नाही मेला. हसला असता तर बरं वाटलं असतं.

बॅन्डवाल्यांनी जीप ढकलून कडेला लावली.

सोमवार, २६ एप्रिल, दुपारी
जीप ओढत घरी आणली. बद्रीनाथ न विचारता खाली शिरला. बाहेर आला तेव्हा हातात चार लिंबं, वाळक्या मिरच्या, अन् तारेचं भेंडोळं. म्हणे, साहेब, ही डिझेलची नळी. तारेनं कापली, गाजरावाणी. हवा शिरली, जीप बंद. कुणी बांधलं हे?

म्हटलं, कुणीतरी जळणाऱ्यानं.

सौ. दारात उभी होती. म्हणाली, लिंबं माझ्या टोपलीतली आहेत. अन् आत गेली.

संध्याकाळी ६
सरूचा सासरहून फोन. सुखरूप आहे म्हणाली. शालूचा वास धुतल्यावर जाईल म्हणाली. मग विचारलं, मामा, जीपला काय झालं होतं, सापडलं का?

म्हटलं, सापडलं. घात झाला होता.

कुणी केला, म्हणाली.

म्हटलं, आवाज येत नाही बेटा. अन् फोन ठेवला. चांगला येत होता.