दोन ट्रकांवरून आलेलं घर

सोमवार, ४ ऑगस्ट
घर आलं! दोन ट्रकांवर अर्धं-अर्धं आलं आणि दुपारच्या चहाच्या आत माणसांनी ते नट-बोल्टांनी जोडूनही टाकलं. भाचा रेक्स म्हणाला, नोरीनमावशी, कापलेला केक परत चिकटवल्यासारखं दिसतंय. म्हटलं, दिसू दे, कांगारूची शेपटी खायची असेल तर तोंड आवर. आत रक्त धुण्याचं यंत्र, शेजारी मोठी निळी खुर्ची. हा सगळा खटाटोप त्या खुर्चीसाठी. माझी धाकटी बहीण डल्सी मूत्रपिंडांपायी सहा वर्षं शहरात अडकलीय. पंधरा तारखेला नर्ससोबत घरी येतेय, आपल्या मातीत. घरं देणाऱ्या सरकारी ऑफिसातली बाई बजावून गेली, घर रिकामं दिसलं तर यंत्रासकट परत नेऊ. मी कुठे जातेय? गादी टाकली, कुत्र्यांना दम दिला, झोपले झकास.

बुधवार, ६ ऑगस्ट
कुत्री काही केल्या आत येईनात. सकाळी फरशीवर लाल धुळीत पावलं दिसली. आम्ही माणूस तोंडाआधी पावलांवरून ओळखतो, गावातल्या ऐंशीच्या ऐंशी जणांची पावलं मला पाठ आहेत. ही त्यातली कोणाचीच नाहीत. वयस्क बाई, उजवा पाय जपून टाकणारी. कोऱ्या भिंतीपासून निघाली आणि निळ्या खुर्चीपाशी थांबली. परतीची पावलं नाहीत. फरशी पुसून काढली.

शनिवार, ९ ऑगस्ट
रेक्सला घराच्या फरशीखालच्या लोखंडी सांगाड्यावर दुसऱ्याच गावाचं नाव सापडलं. त्याने फोन लावला. तिकडचे म्हणाले, या घरातली बाई वारली, म्हणून रीतीप्रमाणे घर मोकळं सोडून आम्ही लांब राहायला गेलो. गेलेलीला वाटेला लावायला घरात धूर द्यायचा असतो, त्यासाठी परतलो, तर जागेवर घरच नाही! म्हणजे ऑफिसने तिकडचं घर रिकामं बघून उचललं, रंग फासला आणि नवं म्हणून आमच्या गळ्यात मारलं. रेक्स आधी पोट धरून हसला, मग उठून बाहेर जाऊन बसला.
तीही अशाच यंत्राची वाट बघत होती म्हणे. यंत्र यायच्या आदल्या दिवशी गेली. नाव मी विचारलं नाही, गेलेल्याचं नाव घेत नसतात. तिथे दार उगवतीला होतं. इथे त्या बाजूला भिंत आलीय. बिचारी जुन्याच दारातून येतेय.
धूर तिच्याच माणसांनी द्यायचा. ते सोळा तारखेला पोचतील. डल्सी पंधराला.

मंगळवार, १२ ऑगस्ट
सगळा गाव मागे लागलाय. भावजय म्हणाली, म्हातारे, हट्ट पुरे, आमच्या अंगणात ये झोपायला. रीत तिच्या बाजूने आहे, मलाही कळतं. पण याच रीतीने तिकडचं घर गेलं. मी उठले की हेही रिकामं. मग डल्सीने काय शहरातच मरायचं? नाही हलणार.
पावलं आज गादीभोवती होती.

गुरुवार, १४ ऑगस्ट
भर दुपार. खुर्चीची बैठक दबलेली. हात लावला. कोमट.
तिला मोठ्याने सांगितलं, बाई, तुझ्यावर अन्याय झाला, मान्य. पण तो मी केला नाही. तुझी माणसं निघालीत. तोवर तू एका कोपऱ्यात, मी एका.
 

शुक्रवार, १५ ऑगस्ट
सकाळी सगळी धूळ पुसली. आता पुसल्या फरशीवर लाल पावलं परत उमटतायत. माझ्यासमोर. एकेक, खुर्चीपर्यंत.
बाहेर मोटार — रेक्स ओरडतोय, मावशी, आली गं आली! डल्सीचं हसणं ऐकू येतंय. सहा वर्षांनी.
बैठक अजून दबलेलीच.
बाई, ऊठ. एक दिवस फक्त. ही माझ्या बहिणीची जागा आहे. तुला मिळाली नाही म्हणून तिलाही — नाही. ऊठ म्हणते ना. मी वही घेऊन दारात उभी आहे, मला ओलांडून तू तिच्याकडे —
बैठक वर आली. उठली. पावलं वळली. तिच्या जुन्या दाराच्या भिंतीकडे नाही, माझ्याक—