आरशासमोरची दोन वाक्यं

वाशीम, मार्च १९७७

जगदेवराव यांस,

तुमच्या वकिलांनी कोर्टात लिहून दिलं आहे की मी रोज सकाळी आरशाशी बोलते, म्हणजे मी वेडी आहे, म्हणून मुलगी तुमच्याकडेच राहावी. यातली पहिली गोष्ट खरी आहे.

मी रक्त तपासायचं काम शिकत होते, तेव्हा सुई धरताना माझा हात कापायचा. आमच्या सिस्टरांनी सांगितलं, रोज तोंड धुतल्यावर आरशात पाहून म्हणायचं, 'माझा हात स्थिर आहे. मला हे काम येतं.' हात कापायचा थांबला. सवय राहिली.

लग्नानंतर तुमच्या आईंनी दाराआडून ऐकलं. "जगदेव, थे आरशासंगं बोलून राह्यली रे!"

"बोलू दे माय, आपल्यासंगं तं बोलत नाही," असं म्हणून तुम्ही हसला होतात.

उद्या माझी साक्ष आहे. माझे वकील म्हणतात, आरशाबद्दल विचारलं तर सरळ 'नाही' म्हणा. मी तयार होते. पण आज शाळेबाहेर कुसुम भेटली. आधी तिनं मागं वळून पाहिलं, मग हळूच म्हणाली, "आई, मी बी आरशासमोर थे म्हणतो. पण मनातल्या मनात. आजी म्हणते, तू बी मायसारखी येडी होशील."

मी 'नाही' म्हटलं, तर तिला ते वेडच वाटेल. 'हो' म्हटलं, तर ती कदाचित मला मिळणार नाही.

जजसाहेबांनी उद्या तुम्हाला तिलाही कोर्टात आणायला सांगितलं आहे. हे पत्र तुम्हाला मिळालं, तर तुम्ही तिला घरीच ठेवाल. म्हणून पाठवत नाही. मी 'हो' म्हणणार आहे, आणि दोन्ही वाक्यं तिला ऐकू जातील एवढ्या मोठ्यानं म्हणणार आहे.

निकालापर्यंत तरी तुमची पत्नी,
सुजाता