बांबूचा ब्रश

ब्रह्मा घाट, वाराणसी
कार्तिक शुद्ध एकादशी, १ नोव्हेंबर २०२५

प्रिय मृणालिनी,

आईंना माझा नमस्कार सांग. इकडे सगळं ठीक आहे. गंगेचं पाणी उतरलं, पायऱ्यांवरचा गाळ अजून काढताहेत. वर्ध्याला तुझ्या आई आता काठीशिवाय अंगणात फिरतात, हे परवा फोनवर तू सांगितलंस. बरं वाटलं. परत कधी येणार, ते तू बोलली नाहीस आणि मीही विचारलं नाही. भाजी काय केली, एवढ्यावरच आपला फोन संपतो. म्हणून हे पत्र.

गेल्या रविवारी रेल्वे ऑफिसातले आम्ही काही जण अहिल्याबाई घाटावर गाळ काढायला गेलो होतो. फावडं मारलं की दात घासायचे ब्रश वर यायचे. गुलाबी, हिरवे, केस पिंजारलेले. दांड्या मात्र दुकानातून आणल्यासारख्या. सोबत मंजनाच्या चपट्या नळ्या. आपण इथे आल्यापासून टाकलेलेही कुठेतरी असेच पडले असतील, असं मनात आलं आणि घरी येऊन जेवण गेलं नाही.

मग आधी कडुलिंबाची काडी धरली. गावच्या शाळेत असताना दुसरं काय होतं? पण हिरड्यांचे ते दिवस गेले. रक्त येऊ लागलं. दातांच्या डॉक्टरांनी मऊ ब्रशच वापरायला सांगितलं. शेवटी मंगला गौरीच्या गल्लीतून बांबूचा आणला. त्याचेही केस नायलॉनचेच आहेत. झिजला की ते पकडीनं उपटून वेगळे टाकायचे आणि दांडी मातीत पुरायची. नळी बंद केली, डबीतलं मंजन घेतो. आज एकादशी, त्यामुळे नुसत्या चुळा.

मोरीत तो ब्रश पाहून घरमालकीणकाकूंनी कपाळाला हात लावला. "अहो शरदराव, बांबूनं दात घासता? काशीत बांबू खांद्यावरून जातो. तिरडीचा तो. बायको घरी नाही म्हणून काय वाटेल ते कराल?"

त्यांची सून रुची आतूनच म्हणाली, "आई, मग कान्हाजींची बांसुरी काय प्लास्टिकची होती?"

"तू चूप बस. तव्याकडे बघ."

मी खूप दिवसांनी मोठ्यानं हसलो. तुला सांगावं म्हणून स्वयंपाकघराकडे वळलोही.

खरं सांगू का, दुकानात माझाही हात एकदा मागे आला होता. गल्लीतून मणिकर्णिकेकडे जाणारे बांबू रोज पाहून पाहून बांबू म्हणजे शेवट, एवढंच डोक्यात बसलं आहे. तुमच्या वर्ध्याकडे त्याची सुपं होतात, टोपल्या होतात. आपल्या लग्नाचा मांडवही हिरव्या बांबूंचाच होता, तुझ्या मामांनी उभारलेला. हे मला काकूंच्या बोलण्यानंतर आठवलं.

निघताना तू दारात म्हणाली होतीस, "तुम्हाला मरायला काशी हवी. मला जगायला एखादं गाव हवं." मी "हर हर महादेव" म्हणून तुझी पिशवी उचलली आणि रिक्षात ठेवली. निवृत्तीनंतर इथेच राहायचं, हे मी मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. तुला विचारायचं सुचलंही नाही.

आज कागद घेतला तो "कधी येतेस?" असं लिहायला. पण तिथे तू शिकवतेस त्या बालवाडीतल्या मुलांबद्दल बोलताना तुझा आवाज फार निराळा असतो. तो ऐकला की तुला इकडे ये म्हणवत नाही. आणि संध्याकाळी दर्शन करून आलो की कुलपात किल्ली घालायला मन होत नाही.

वर्ध्याच्या कचेरीतला एक जण काशीला यायला उत्सुक आहे. त्याची आणि माझी अदलाबदल होऊ शकेल, असं साहेब म्हणतात. सकाळी विश्वनाथाच्या कानावर घालून आलो. दर्शनाच्या रांगेतली माझी जागा दुसरं कुणी धरेल. त्याच्या दारात गर्दी कमी नाही.

मी तिकडे येऊ का?

लगेच हो म्हणू नकोस. आईंना विचार, स्वतःलाही विचार. माझी सवय सुटली असेल तर तसंही लिही, मी वाचेन. बालवाडीतल्या सगळ्यांना आशीर्वाद.

तुझा,
तूर्त काशीकर,
शरद