एकच मानधन

बाबा, महापालिकेची निवडणूक लागली आहे, आणि तुमच्या वॉर्डातून मी उभं राहावं असं काकांचं म्हणणं आहे. काका म्हणजे तुमचे तेच दोस्त, प्रचारात भोंगा घेऊन फिरणारे. दात गेले, आवाज तसाच आहे. मी सध्या विमानतळाला लागून मिहानमध्ये एका कंपनीच्या गेटवर वॉचमन असतो. त्याआधी हिंगण्याला पॅकिंगमध्ये होतो, त्याच्याही आधी मौद्याला. कुठं टिकत नाही मी. इथं विमानं इतकी खालून जातात की बोलणारा माणूस अर्ध्यात थांबतो, आणि मग काय बोलत होतो तेच विसरतो. ते जाऊ द्या.

काल काका इथवर आले. टपरीवर चहा घेताना विषय निघाला आपल्या आत्ताच्या आमदारांचा. तेही नगरसेवक व्हायला निघालेत. मग आमदारकीचा पगार आणि वर नगरसेवकाचं मानधन, दोन्ही घ्यावं का, यावरून काकांची नि टपरीवाल्याची जुंपली. "दोन कामं, दोन पैसे. कंपनी ओव्हरटाइम देते का नाही?" टपरीवाला म्हणाला. "याच्या बापाले विचार!" काका ओरडले, आणि माझ्याकडं पाहून चहाचा ग्लास तोंडाला लावला.

तुम्ही नगरसेवक असतानाच आमदार झालात, तेव्हाचं आठवलं. मी आठवीत, ताटावर बसलो आहे. आई भाकरी थापते आहे. तुम्ही सांगता, आमदारकीचा पगार नको म्हणून लिहून दिलं, नगरसेवकाचं मानधन तेवढं ठेवलं. आईचा हात थांबतो. "काहून? दोन्ही घ्यायची मनाई हाये का?" "मनाई नाही वं. पण एका तोंडानं दोन ताटांत जेवता येते का?" "येते. बुफे म्हणते त्याले. अन् एकच घ्याचं, तं मोठं काहून सोडलं?" तुम्ही म्हणालात, "नळ नाही आला का वार्डातल्या बाया सकाळी दारात येऊन शिव्या देते. मानधन त्या शिव्या आयकाचंच हाये. तेच सोडलं, तं आयकू काहून?" मी हसलो. आई हसली नाही. त्या वर्षी घरी माणसांचा राबता वाढला, पैसे तेवढेच राहिले; माझी शाळा बदलून कमी फीची झाली, आईनं शिलाई मशीन आणली. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होतो. असा आमदार पुन्हा होणे नाही, असं जो तो म्हणत होता, आणि मला भूक लागली होती. पुढं कॉलेज सुटलं. तुमच्यामुळं म्हणत नाही, मला बाकावर बसवतच नव्हतं.

निघताना काकांनी विचारलं, "बापासारखाच राहशील नं गा? उद्या आमदार झाला, तरी एकच घेशील?" "हो," म्हटलं मी. तोंडातून निघालं, आत काही हललं नाही.

आज अर्ज भरायचा शेवटचा दिवस. मघाशी काकांचा फोन आला. "कुठं हायेस बे? सारे येऊन राहिले!" ड्युटी सुटत नाही, म्हटलं. त्यांनी एक शिवी दिली आणि फोन ठेवला. मतं तुमच्या नावावर पडली असती, बाबा, आणि खुर्चीवर मी बसलो असतो. खरं कारण काकांना सांगवलं नाही. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. मी दोन्ही घेतले असते.