लाल लेबलाचं रोप

३ जून
आजपासून विहीणबाईंशी बोलणं बंद. सुनेची आई आपल्याच भात संशोधन केंद्रात लॅबची मुख्य होऊन येईल हे आधी कळतं, तर पोराला जरा थांब म्हटलं असतं.

४ जून
बोलावंच लागलं. करपा रोग न येणारं वाण काढायला आपल्या भाताचा रानभाताशी संकर केलाय. रोपं माझ्या वाफ्यात. निवड मी करणार, नजरेनं. शाळा सुटल्यापासून हेच करतोय. बाई म्हणतात, पानाचा तुकडा द्या, करप्याला दाद न देणारं जीन कोणत्या रोपात आहे ते लॅबच्या मशीनवरची मार्कर चाचणी सांगेल. मी विचारलं, सोयरीक जमवताना रक्त तपासतात का? म्हणाल्या, "तपासायला हवं होतं."

९ जून
साहेबांनी तोडगा काढला. दोघांनी आपापली रोपं निवडायची, सगळ्यांना करपा लावायचा. ज्याची जगतील त्याच्याकडे वाफ्याच्या फाटकाची किल्ली. म्हणजे माझ्याकडेच. हिला सांगितलं. ही म्हणाली, जेवून घ्या.

१५ जून
बाईंची लाल लेबलवाली रोपं पाहिली. मरतुकडी, गवतासारखी. पोटभर हसलो. कोपऱ्यातलं एक मात्र देखणं. त्यांच्याकडे चुकून गेलं असणार.

१६ जून, पहाटे
चूक दुरुस्त केली. त्याचं लाल लेबल माझ्या एका रोपाला, माझं निळं त्याला. याला लबाडी म्हणत नाहीत.

२ जुलै
रोगाच्या पाण्यात बुडवलेल्या कात्रीनं सगळ्या पानांचे शेंडे कापले.

१८ जुलै
निळी रोपं पिवळी पडतायत. ऊन बाधलं असावं.

२२ जुलै
निळ्यांतलं एकच जगलं. पण लालांतलंही एक मेलं! साहेबांना म्हटलं, बघा, मशीन थापा मारतं. साहेब विचारात पडले. बाईंनी त्या दोन्ही रोपांचं पान मागितलं. मी मोठ्या मनानं म्हटलं, घ्या हवं तेवढं.

२४ जुलै
साहेबांसमोर बाई म्हणाल्या, "व्याही, लेबल दोऱ्यानं बांधलेलं असतं. जीन तसं नसतं."
किल्ली दिली. उद्यापासून मी पाणी घालायचं, लेबलांना हात लावायचा नाही.
घरी हिला म्हटलं, पण ते रोप हेरलं कुणी? माझ्याच नजरेनं ना?
ही म्हणाली, आधी हात धुवा.