आरशासारखा ब्लॉक

४ मार्च
गाडी ट्रकवर चढून घरी आली. शेजारीपाजारी सगळे गॅलरीत! आणि आमची चिंगी ट्रकवाल्याशेजारी बसून हात हलवते आहे — जणू मिरवणूकच.
"आई, चढावर तापमानाचा काटा वर गेला खरा. मला वाटलं, उतार लागला की येईल खाली."
वाटलं! तीन वर्षे अभियांत्रिकी शिकून, त्याच कॉलेजात मी विभागप्रमुख असताना ती अर्धवट सोडून, या मुलीला अजूनही नुसते "वाटते".
तेलाची कांडी ओढून पाहिली. तेल कसले, पिवळट फेस. पाणी तेलात उतरले आहे. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधली फट बंद करणारे हेड गॅस्केट उडाले. निदानाला दुसऱ्या कोणाची गरज नाही.

५ मार्च
तरीही नाक्यावरच्या मेस्त्रींना बोलावले. बॉनेट उघडून ते चुकचुकले. "मॅडम, हिचं आता वय झालं. कशाला जीव अडकवताय?" हे म्हणताना ते गाडीकडे पाहत होते की माझ्याकडे, सांगता येत नाही.
दुरुस्ती घरीच करायची, असे मी ठरवले. चिंगीला एक एप्रिलपासून डोंगरातल्या वस्त्यांवर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना व्यायाम द्यायचे काम मिळाले आहे. गाडी नसेल तर काम नाही. काम देणाऱ्यांनी तसे स्पष्ट सांगितले आहे. गाडी होईपर्यंत ती इथेच राहील. कॉलेज सोडल्यापासून आमचे बोलणे म्हणजे फोनवर हवापाणी. आता एका छपराखाली!
"मी तुझ्या हाताखाली काम करते. पण टोमणे नाहीत हं, आई."
कबूल केले. मी टोमणे मारत नाही. चुका दाखवते.

८ मार्च
हेड काढले. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये गॅस्केट जळून कोळसा झालेले. चिंगीने ते माझ्याआधी पाहिले. मी म्हणाले, आंधळ्यालाही दिसले असते.
जुने बोल्ट तिने पुठ्ठ्याला भोके पाडून क्रमाने खोचून ठेवले. कल्पना चांगली. पुठ्ठा वाकडा कापला होता, ते सांगितले.
"आई, पुठ्ठा आहे तो! त्याला काय नोकरीला लावायचंय?"

११ मार्च
हेडचे फेसिंग करून, म्हणजे खालची बाजू यंत्रावर सपाट करून आणली. पोलादी पट्टी आडवी, उभी, तिरपी लावून उजेडाकडे धरली; खालून प्रकाशाची तिरीपसुद्धा नाही. समाधान वाटले.
ब्लॉक मात्र गाडीतच. त्याची वरची बाजू हातानेच साफ करायची. चिंगी प्लास्टिकच्या पट्टीने अख्खी दुपार खरवडत बसली. तरी काळपट डाग उरलेच.
"डाग राहू देत. उंचवटा नको, खळगा नको, बास. पुस्तिकेत लिहिलंय, डिस्क लावून घासायचं नाही."
मला पुस्तिका वाचून दाखवते! धातूचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याजोगे चकचकीत कसे करावेत, हे शिकवण्यात माझा जन्म गेला. आणि ही म्हणे, डाग राहू देत.

१२ मार्च
ती नवे बोल्ट आणायला गेली. मी सिलिंडरमध्ये फडकी कोंबली, ड्रिलला पॉलिशची डिस्क लावली आणि काम हाती घेतले. दोन-तीनच्या मधला जळका डाग फार चिवट होता; तिथे जास्त वेळ द्यावा लागला. पण काय निघाला ब्लॉक! वाकून पाहिले तर माझ्या कपाळावरच्या आठ्या मोजता येतील.
चिंगी दारातच थबकली. "हे काय केलंस?"
"तू अर्धवट सोडलं होतंस, ते पूर्ण केलं."
ब्लॉकवरून बोट फिरवून ती हळूच म्हणाली, "एकदा पट्टी लावून बघूया?"
माझ्या कामाला पट्टी लावण्याची वेळ अजून आलेली नाही, असे मी सांगितले. तिने पट्टी खोक्यात ठेवली.

१५ मार्च
नवे गॅस्केट बसवून आज बोल्ट आवळले. मधून सुरुवात, मग आलटूनपालटून बाहेर, असे टप्प्याटप्प्याने. मी क्रम वाचत होते; जोर मोजून आवळायचा टॉर्क रेंच चिंगीच्या हातात. लोकांचे आखडलेले खांदे सोडवून सोडवून तिच्या मनगटांत केवढी ताकद आली आहे! तरी दांडा धक्का न देता, एका लयीत ओढते.
"दहावीच्या अभ्यासाला तू माझ्याशेजारी अशी गप्प बसली असतीस ना, तर पहिली आले असते मी."
मलाही हसू आले. किती दिवसांनी दोघी एकदम हसलो!
"छान केलंस" अगदी ओठांवर आले होते. म्हणाले ते असे — "सहावा बोल्ट जरा घाईत गेला."

१६ मार्च
पहिल्याच किल्लीला सुरू! चिंगीने मला तेलकट हातांनीच मिठी मारली. साडी गेली. जाऊ दे.

२० मार्च
चार दिवस गल्लीबोळांत उत्तम चालली. आज मुद्दाम चढावर नेली. अर्ध्या वाटेत काटा वर. मागे पांढरा धूर. गॅस्केट पुन्हा उडाले.
रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. मी म्हणाले, "सहावा बोल्ट. मी तेव्हाच सांगितलं होतं."
"तुझ्यासमोर आवळला ना मी?"
"तुझी खोडच आहे ती. शेवटचा टप्पा आला की अंग काढून घ्यायचं. कॉलेजचंही तेच केलंस."
तिने मागच्या सीटवरची पिशवी उचलली आणि समोरून आलेल्या बसला हात केला. गाडीचे दार आपटलेसुद्धा नाही. अगदी बेताने लावले.

२४ मार्च
गाडी ओढून आणली. तिचा फोन नाही. एका ओळीचा निरोप आला: गाडी नाही म्हणून काम दुसऱ्या कोणाला दिले.
मी एवढे कष्ट उपसून हे फळ! घाई तिची, मनस्ताप माझा.

२६ मार्च
हेड पुन्हा काढले. एकटीने. सोडवताना एकेक बोल्ट हाताने तोलून पाहिला. सगळे सारखेच घट्ट. सहावाही.
मग ब्लॉकवर पट्टी ठेवली. दोन आणि तीनच्या मध्ये पट्टीखालून उजेड. फट मोजायच्या गेजचे पातळ पोलादी पान सरकवले, सहज आत गेले. त्याहून जाड सरकवले, तेही गेले.
खळगा. मी जिथे सर्वांत जास्त वेळ घासले, नेमका तिथे. आणि काय लखलखतो आहे!
एकाच जागी घासत राहिले की धातू तिथे झिजतो. याच चुकीसाठी मी किती पोरांचे नमुने परत केले, किती जणांना प्रयोगशाळेत सर्वांसमोर उभे केले.
बोल्टांत दोष नव्हता. चिंगीला हे सांगायला हवे. उद्या सांगते.

२७ मार्च
तिचाच फोन आला. मी तोंड उघडण्याआधी म्हणाली, "आई, मी खूप विचार केला. सहाव्या बोल्टाला घाई झाली असेल माझी. चुकलं माझं."
मी म्हणाले, "असू दे गं. होतं असं कधीकधी."
पलीकडे ती रडत होती. "इतक्या मायेने तू माझ्याशी कधीच बोलली नव्हतीस."