पुढच्या रांगेतली खुर्ची

दादा,

परवा तुझ्याकडे आलेल्या पाहुण्यांनी मला विचारलं, "तुम्ही काय करता?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "ती आजारी असते, घरीच असते." मी चहा ढवळत राहिले.

चार वर्षं मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला जाते, हे तुला ठाऊक आहे. तुला न सांगितलेलं आज लिहिते. गेल्या महिन्यात मला पुन्हा आवाज ऐकू यायला लागले होते. मी माझी मीच डॉक्टरांकडे गेले, गोळ्या बदलून घेतल्या आणि मालकीणबाईंना खरं कारण सांगून आठ दिवसांची रजा मागितली. त्या म्हणाल्या, "बऱ्या होऊन या. तुमच्यासारखी काजं इथं कुणाला जमत नाहीत." नवव्या दिवशी मी मशीनवर होते.

काल तुझी लेक तिच्या लग्नाचा पोशाख घेऊन दुकानात आली. कंबरेत घट्ट होत होता, पण शिवणीत आत दुमडलेली माया होती, म्हणून सैल करता येणार होता. टाचण्या लावताना ती हळूच म्हणाली, "आत्या, बाबा म्हणतात, गर्दीचा तुला त्रास होईल. तू आतल्या खोलीत बसावंस."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला तू पुढे हवीस."

तेव्हा मी पुढच्या रांगेत बसणार. त्रास झालाच तर बाहेर जाईन आणि बरं वाटलं की परत येईन.

तुझा जीव माझ्यासाठी घाबरतो, हे मला कळतं. पण माझ्या वतीनं बोलणं आता पुरे. पत्रानंही माझ्या वतीनं बोलायला नको, म्हणून हे पोस्टात टाकत नाही. पोशाख द्यायला संध्याकाळी येते आहे, तेव्हा समोर बसून सांगेन.

तुझी धाकटी